राखीव जागेतल्या दोघी

मंझिनी शहरातल्या सुपरमार्केटबाहेर अपंगांसाठी राखीव असलेल्या दोन जागांत दोन गाड्या उभ्या होत्या, प्रत्येकीत एकेक आजी. मागे जागेसाठी ताटकळत आमची गाडी. टपावर बांधलेली माझी व्हीलचेअर.

"अगं लामांबा, तुलाही आणलं?"

"सून म्हणाली, आई, नुसत्या बसून राहा. कुणी विचारलं तर कण्हा."

"मला नातवानं काठी दिलीय. सगळ्यांना दिसेल अशी धरायची म्हणे."

"काल चर्चमध्ये नाचत होतीस तेव्हा कुठं होती काठी?"

"गप गं. मागे बघ, व्हीलचेअरवाले खोळंबलेत."

"अगबाई! किल्ली आहे का तुझ्याकडे?"

"हो, नातू रेडिओ ऐकायला ठेवून गेलाय."

"चालवायला जमेल ना, लाशोंग्वे?"

"जन्मभर टॅक्सी चालवलीय मी! ये, बस. भाजलेली कणसं खायला जाऊ."

"आणि सुनेची गाडी?"

"राहू दे. कुणी विचारलं तर तीच कण्हेल."

"अगं, काठी बाहेर का ठेवतेस?"

"नातवाला घरापर्यंत चालत यायचंय."