आई देवगडाक गेली

नाही नाही, तुम्ही बसा हो – ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, ह्या बाकावर बसा. आई देवगडाक गेली, तेच तर सांगतोय. बहिणीकडे. कालच. तुम्ही एक फोन केला असतात तर – नाही, बरोबर आहे, अचानक ठरलं तुमचं. बाकीची ट्रिप मालवणात किल्ला बघतेय आणि तुम्ही एकट्या रिक्षा करून आचऱ्याला, ‘गुरुदासांचं घर कुठलं’ विचारत विचारत – आणि ज्या माणसासाठी आलात ते माणूसच नाही. वाईट वाटतं. घ्या, कोकम सरबत घ्या, घरचं आहे. बायको असती तर काहीतरी धड पुढे ठेवलं असतं, पण सारिका कुडाळला आहे, लेकीचं बाळंतपण. त्यामुळे सध्या मी एकटोच. म्हणजे – आई आणि मी. म्हणजे आई देवगडला, आणि मी.

कसला आवाज? मांजर असेल. मागच्या खोलीत भाताची पोती आहेत, उंदरांच्या मागे असतं ते दिवसभर.

तुमचं नाव संचिता, हे मला कधी कळलं माहीत आहे? घरी पोचल्यावर. तुमच्या शेजारच्या चहावाल्याने फोन केला – आजी नीट पोचल्या का म्हणून – तेव्हा. त्या दिवशी मी तुम्हाला नावसुद्धा विचारलं नाही हो. डोकं ठिकाणावर कुठे होतं माझं! आईच्या डोळ्यांसाठी एवढं मुंबईला आणलं, त्या मोठ्या हॉस्पिटलात तिला बाकावर बसवलं, ‘आये, हलू नको हां’ म्हटलं आणि केसपेपरच्या रांगेत उभा राहिलो. वळून बघतो तर बाक रिकामा. मग काय – प्रत्येक गेट, प्रत्येक वॉर्ड, रस्त्यावर दिसेल त्याला फोटो दाखवतोय, माझा नंबर देतोय. आणि ती तुमच्याकडे, पुलाखाली, फुलांच्या गाळ्यावर. तुम्हाला तिची भाषा कळत नव्हती म्हणे. कशी कळणार, तुम्ही साताऱ्याकडच्या – ती सारखी एकच सांगत होती ना, ‘माका घराकडे जावचा आसा’? घर कुठे विचारलं तर म्हणे, पाराकडे. कसला पार नि काय! दुसरं कोणी असतं तर पोलिसाला दाखवून मोकळं झालं असतं. तुम्ही बसायचा खोका तिला दिलात आणि स्वतः दिवसभर उभ्या. समोर आबोली ठेवलीत, तर बाईने वेण्या करायला घेतल्या. चहावाल्याने चहा दिला, बिस्किटं दिली. आणि मध्येच ती उठून चालायला लागली की तुम्ही – हे मला त्या चहावाल्याने सांगितलं – तुम्ही गाळा त्याच्यावर सोपवून तिच्याबरोबर चालायच्या. अडवलं नाही, ओढलं नाही. नुसत्या बरोबर चालायच्या. दमली की ती आपणच वळायची.

फोटो बघितलेल्या कोणीतरी फोन केला; मी पोचलो तेव्हा तुमच्या चपला तिच्या पायात होत्या. तिच्या कुठे हरवल्या देव जाणे. आणि तुम्ही वर्तमानपत्रावर अनवाणी उभ्या. मी तसाच तिला घेऊन निघालो. तुमच्या चपलांसकट! टॅक्सीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

हो, आठवण काढते ना. रोज काढते. जेवायला वाढलं की विचारते, ‘ता चेडू जेवला काय?’ – ती मुलगी जेवली का, म्हणजे तुम्ही. माझं नाव विचाराल तर सांगता येत नाही तिला, पण तुमची चौकशी रोज.

मांजरच आहे हो. बसा तुम्ही.

म्हणजे कसं आहे – मुंबईहून आल्यापासून तिचं चालणं वाढलं. गावात काय, सगळे ओळखतात, कोणी ना कोणी हात धरून आणून सोडायचं. पण एकदा पहाटे उठून गेली ती थेट समुद्रावर. रापणवाल्यांनी बघितलं म्हणून. जाळं ओढायचं टाकून दोघांनी धाव घेतली, कमरेपर्यंत पाण्यात होती. त्यातला महादू मला म्हणाला, ‘गुरुदास, आवस तुझी आसा, नजर ठेय.’ आता आईवर नजर ठेवायची कशी? माझा नारळाचा टेम्पो. एक दिवस घरी बसलो तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं. शेजारी तरी किती दिवस बघणार? त्यांना त्यांची कामं. तुम्हीच सांगा, काय करणार माणूस? म्हणून फक्त टेम्पो घेऊन जाताना – फक्त तेवढ्यापुरतं – तिच्याच जिवासाठी ना शेवटी. आत पंखा आहे, पाणी ठेवलेलं असतं, खिडकी उघडी असते. आल्याबरोबर पहिलं दार उघडायचो मी. पहिलं! पाय धुवायच्या आधी.

मग काय झालं, घरी असलो तरी जरा पाठ टेकावी म्हटलं की… मग जेवण करताना. मग…

आज टेम्पो खळ्यातच उभा आहे. येताना बघितलात ना तुम्ही? आज मी कुठेच जाणार नव्हतो.

असं बघू नका हो माझ्याकडे.

नाही देवगडाला. देवगडाला कोण आहे? बहीण जाऊन वर्षं झाली. तुम्ही खळ्यात रिक्षातून उतरलात, मी तुम्हाला तोंडावरून ओळखलं नाही – तुम्ही ‘आजी कुठायत’ म्हणालात तेव्हा ओळखलं. आणि माझ्या तोंडातून देवगड निघालं. तुमच्यासमोर ते दार कसं उघडणार होतो मी? ज्या बाईने माझ्या आईला भर मुंबईत मोकळी फिरवली, तिच्यासमोर?

ऐकलंत? मघापासून वाजवतेय. आधी हाका मारायची. आता हाका मारीत नाही, दारावर नुसती बोटं वाजवते. हळू. मला त्रास नको म्हणून असेल, नाही तर… नाही तर माका भियाता म्हणून.

परवा मी तिचो हात धरलेलो. जरा जोरात. आत नेताना. मारूक नाय हां, देवाशपथ मारूक नाय – पण मनगटावर निळा झाला. तुमका दिसतला. मीच सांगतंय, आधीच सांगतंय. तेव्हापासून माका बघल्यान काय ती कोपऱ्यात सरकता. बोलणा बंद, तुमची चौकशी पण बंद. जेवणाचा ताट ठेवून मी भायर इलंय काय मगे जेवता.

जावा तुम्ही. ह्या माजघरातून सरळ, मागची खोली. कडी वरच्या अंगाक आसा, जरा घट्ट आसा, दार ओढून घेतलात काय निघता. नाय, मी येणंय नाय. माका बघून ती… तुम्हीच जावा. मी हंय बसतंय.

…निघाली? जरा आणखी ओढा. हां.

…

काय म्हणता ती? … जेवलंस काय, म्हणून तुमका इचारता?

बोलता मा ती! बोलता…

नको, माका बोलवू नकात. तिका भायर न्हेया, खंय जाता थंय जाऊ दे, तुम्ही बरोबर चला. मी मागसून येतंय, लांबसून. आणि बाय – त्या दाराची कडी लावू नकात.