दाजींचे दोन स्टार

आमच्या दाजींच्या जिभेला तोड न्हाई बरं का. हसनाबादचे मोसंबीचे व्यापारी. एक फोड चाखून अख्ख्या बागेचा भाव ठरवतेत. परवा मी पुण्याहून लई कडक, गोड क्राफ्ट बिअर घेऊन गेल्तो. दाजींनी घोट घेऊन डोळे मिटले.

"आधी काकवी, मंग खारीक. अन् घशात मिरचीवानी गरमी."

बाटलीवर इंग्रजीत बराबर काकवी अन् खारीकच लिवलेली! दाजींना तर इंग्रजी येत न्हाई.

बाटली संपली. बिअरचं रेटिंग टाकायला मी मोबाइल काढला. "दाजी, पाचपैकी किती स्टार देऊ?"

"दोन."

"आवडली न्हाई का?"

"अशी चीज जिंदगीत पिलो न्हाई."

"मंग?"

दाजी खेकसले, "येड्या, पुन्हा घ्यायची हाये ना? घेणाऱ्यानंच तारीफ केली की भाव चढतो!"