शेंदूर लागलेला दगड

टाळ जरा मांडीवर ठेवा, मंडळी. एक प्रश्न विचारतो. देव साक्षात समोर आला, तर तुम्ही काय कराल? हात जोडाल! नारळ फोडाल! आणि तो बिचारा काही सांगायला आला असेल तर? ते कोण ऐकणार? — अहो काका, मान डोलवू नका, उत्तर अजून दिलेलं नाही मी!

तर ऐका. ही आपलीच खैरडोंगरी, आपलीच मँगनीजची खाण. आज पट्ट्यावरून दगड आपोआप धावतो. पण पणज्यांच्या काळी? आधी डोंगराचं डोकं उकरलं, मग पोट, मग बोगदे खाली खाली गेले. पुरुष आत सुरुंग लावायचे, सब्बलीनं दगड पाडायचे. वर बाया उन्हात बसून तो हातोडीनं फोडायच्या. काळा, जड — तो माल. पांढरा, हलका — तो फेकायचा. निवडलेला माल धुऊन आगगाडीच्या वाघिणीत भरायचा, पुढे तो पोलादात पडायचा. कुठल्याशा पुलाच्या पोलादात आपल्या पणजीच्या हाताचे घट्टे आहेत, हे विसरू नका!

या बायांत एक होती फुलवंता. डोळे मिटून दगड हातात दिला, तरी माल की फेक हे सांगायची. तिचा नवरा दसरू खाली, पाचव्या खांबापाशी कामाला.

आता खांब म्हणजे काय? सगळा माल काढला तर छत कशावर राहणार? म्हणून मालाचेच खांब मध्ये सोडायचे. ते खांब म्हणजे खाणीचे देव. दसऱ्याला प्रत्येक टोळीच्या एका बाईनं घरी शेंदूर कालवायचा, पुरुषांनी खाली नेऊन आपल्या खांबाला फासायचा. बायांना खाली जायची बंदी! म्हणजे जन्मभर ज्याचा शेंदूर कालवला, तो देव कधी डोळ्यांनी पाहिला नाही. — माई हसल्या. बरोबर हसल्या.

पाचव्या खांबाचा मान फुलवंताचा. इतर बाया तिळाचं तेल घ्यायच्या, हिच्या घरी जवसाचं असायचं. देवानं कधी तक्रार केली नाही.

दसरा होऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळची पाळी. फुलवंतानं टोपलीतून दगड उचलला, पालथा केला — आणि एका अंगाला लाल शेंदूर!

"अवो माय, देव वर आला!" शेजारची मैना म्हणाली. झालं! हातोड्या खाली, पदर डोक्यावर. कुणी झेंडू आणला, कुणी कुंकू. फुलवंतानंही हात जोडले, डोळे मिटले, कपाळ दगडाला टेकवलं. आणि जवसाच्या तेलाचा वास आला.

तिनं डोळे उघडले. "बायाहो, देव वर आला, तं खाली छत कोन धरून आहे?"

झेंडू मैनेच्या हातातच राहिला.

दगड घेऊन फुलवंता थेट मुकादमापुढे गेली. तिमाजी त्याचं नाव. "मुकादम, पाचवा खांब कोन तोडून राहिला?"

"तुले काय करा लागते? तू दगड निवड."

"निवडलाच न जी. हा पाहा."

तिमाजीनं शेंदूर पाहिला, मान खाली घातली. "हातभरच काढाले सांगतलं सायबानं. माल कमी पडते, वाघिणी उभ्या आहेत."

"अन् खाली मानसं उभी आहेत!"

खाणीच्या तोंडाशी रुळाचा तुकडा टांगलेला असायचा. लागोपाठ तीन ठोके म्हणजे धोका, सगळ्यांनी वर या. ठोका फक्त मुकादमानं मारायचा, दुसऱ्यानं मारला तर काम गेलं. फुलवंतानं आपली हातोडी उचलली. ठण! ठण! ठण!

माणसं धावत वर आली. दसरू शेवटी आला, काळा, खोकत. त्याला पाहिलं आणि मग कुठे तिनं हातोडी खाली ठेवली.

साहेबही आला. "छत पडलं का?"

"नाही जी."

"मग ठोका का मारला?"

"पडल्यावर मारला, तं आयकाले कोन राहीन?"

साहेब तापला. "खांब मजबूत आहे! सगळे खाली उतरा. आणि ही बाई उद्यापासून नको!"

फुलवंता म्हणाली, "मजबूत आहे न, सायेब? मंग पयले तुमी उतरा. पाचव्या खांबाखाली बसा, भाकर खा. भाकर माह्या घरची."

साहेबानं खाणीच्या तोंडाकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. "मला काम आहे."

"आमालेबी आहे," दसरू म्हणाला, आणि तिथेच खाली बसला. मग सगळेच बसले. वाघिणी रिकाम्या गेल्या, मंडळी!

छत पडलं का, विचारताय? पडलं. पाचव्या दिवशी, रिकाम्या खाणीत. पण पडलं नसतं, तर फुलवंता चुकीची ठरली असती का? याचं उत्तर घरी जाऊन द्या.

तो दगड कुठे आहे? हा काय, तुमच्या डाव्या हाताला, पारावर! आज सकाळी त्याच्यावर तीन हार मोजले मी. अरे, तिनं तो पुजायला नाही ठेवला. दाखवायला ठेवला!

आणि आपण? गावाखालून नवा बोगदा निघालाय. आपल्या शाळेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. सगळ्यांनी पाहिली. आणि काय केलं आपण? भेगेवर देवाचं कॅलेंडर टांगलं!

देव वर आलाय, मंडळी. दुसऱ्यांदा.

रुळाचा तो तुकडा अजून जागेवर आहे. वीणा मी खाली ठेवतो. आरती नंतर. आधी ते कॅलेंडर काढू. — हातोडी कोणाकडे आहे?