रिकामी केबिन

केजच्या स्टँडवर नीलाबाई परळीच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. मागच्या बाकावर एक नवं जोडपं होतं. नवरा पोकलेन चालवायला दूर धरणाच्या कामावर निघालेला, बायको पोचवायला आलेली.

"नव्या कॉम्प्युटर क्लासात पोकलेनचा गेम हाय. खेळले मी."

"मंग? कसा हाय?"

"लई भंगार. नुसती माती उचला अन् ट्रकात टाका."

"माझं काम तेच हाय की."

"पण त्यात धूळ न्हाई, ऊन न्हाई. ड्रायव्हर पाणीसुदिक मागत न्हाई."

"मजा हाय की मंग त्याची!"

"कशाची मजा? माझी मशीन खड्ड्यात उलटली."

"अन् ड्रायव्हर?"

"आत कुणीच दाखवलं न्हाई. केबिन रिकामी. खरी मशीन बी उलटती का हो?"

"कवातरी."

"मला का सांगितलं न्हाई?"

"असं तोंड करशील म्हणून. एसटीडीवरून फोन करीन ना."

परळीची गाडी लागली. नीलाबाई पिशवी घेऊन उठल्या अन् पुन्हा खाली बसल्या.

"फोन नको. क्लासची परीक्षा झाली की मला घेऊन जा."

"पत्र्याची खोली हाय, लई तापती."

"तापू द्या."

"बघू."

"बघू न्हाई. घेऊन जातो म्हणा."

तो बॅगेची चेन ओढत बसला. परळीची गाडी फाटकातून बाहेर पडली.

"आरं म्हण की लेकरा!" नीलाबाई मागं वळून म्हणाल्या.

तो दचकला, मग हसला.

"नेतो मावशी, नेतो."