गुळगुळीत सळया

अहो, मुलीचा बाप मुलाचं घर बघायला येतो म्हणजे काय करतो? भिंतींचा रंग बघतो, संडासात डोकावतो, रव्याचा गोड बसबूसा खातो नि जातो! हा उस्ता मुतवल्ली सरळ गच्चीवर! म्हणे माझी इनआम तिथेच राहणार ना? आता तुम्हीच सांगा, आमच्या मोहल्ल्यात कुणाच्या गच्चीवर सळया उभ्या नाहीत? घर बांधताना खांबातून हातभर लोखंड वर सोडून ठेवायचं, मुलगा लग्नाला आला की त्यावर त्याचा मजला. आमच्या रिफअतसाठी मीही सोडलं. त्याचा जीव त्या इनआमवर, मजला झाला की लग्न! आणि लोखंड ते लोखंडच की!

पण हा उस्ता, म्हणजे मिस्त्री, जन्मभर सळयाच वाकवत आलेला. खिशातून पट्टी काढली. "पाच सूत. जाड आहे, हाजी." म्हटलं, बघा! "पण गुळगुळीत आहे." म्हटलं, मुद्दाम निवडली! तीस वर्षं कापड विकतोय, बोटांना माल कळतो... तो लोखंडाचा दुकानदार पिळाची दाखवत होता, कंगोरेवाली, हाताला टोचणारी... म्हटलं, हा डागी माल तुझ्या सासऱ्याला दे, मला सफाईदार दे! लोखंड ते लोखंडच की!

"कंगोऱ्यांना काँक्रीट धरून राहतं, हाजी. ही निसटते. आणि ग्रेड? सगळ्यात खालची. मऊ." मऊ? अहो, जाड घेतली ना! तर म्हणतो, "जाड असलेला प्रत्येकजण काही पैलवान नसतो," आणि बघितलं कुठे? माझ्या पोटाकडे! आणि पाईप अडकवून सळई वाकवून दाखवली हो, माझी बायको इहसान चहा घेऊन वर येत होती, तिच्यादेखत! वर विचारतो, "खालचे दोन मजलेही ह्याच सळईचे?" म्हटलं, हो, एकाच ट्रकातून आणली... लोखंड ते...

चहाला हात न लावता, पाऊल न वाजवता, भिंतीच्या कडेकडेने उतरला मेला!

लग्न झालं हो. त्यांच्याकडे. माझा एकुलता एक, घरजावई! ईदला येतात, सून रस्त्यातूनच ओरडते, "मामंजी, तुम्हीच खाली या, बाबांनी आत जायला मनाई केलीय!" अख्खी गल्ली ऐकते... परवा इहसाननेही पेटी भरली. म्हणाली, "मी रिफअतकडे राहते, तुम्ही राहा तुमच्या सफाईदार मालात." अडवलं का म्हणता? नाही अडवलं... म्हटलं जा बाई, घरावरचे नव्वद किलो तरी कमी होतील.