सरकारने गेटवर सही केली

मंडळी, एवढ्या उन्हात आलात, बसून घ्या. मी रिक्षावाला. माईकसमोर कधी उभा राहिलो नाही. पण मंगळवारी वनितावैनी माझ्याच रिक्षात गेली, म्हणून बोलायला मलाच हवं.

वैनी आपली अंगणवाडीताई. कंपनीने गोदामांभोवती भिंत घातली, आपला हायवेला जायचा रस्ता आत घेतला, तेव्हा आपण गप्प बसलो. मीही. कुणाचा मुलगा आत कामाला, कुणाचा टेम्पो आत लागलेला. वळ गावापासून दापोड्यापर्यंत काम द्यायला दुसरं राहिलंय कोण? ती एकटी दोन वर्षं तहसीलला जात राहिली. शेवटी आदेश आणला. रस्ता सरकारी आहे, गेट उघडा.

तहसीलचे साहेब आदेश घेऊन गेटवर आले. मी तिथेच होतो. वॉचमनने विचारलं, "पास है क्या?" आणि मंडळी, साहेबांनी रजिस्टरमध्ये नाव लिहिलं! सरकारी रस्त्यावर पाय ठेवायला सरकारने सही केली. पाऊण तास बाकड्यावर बसले, मग वरून फोन आलाय म्हणाले आणि निघाले. वैनीने एवढंच विचारलं, "साहेब, तुमचे वर कोन हाय? सरकार, का ही कंपनी?"

साहेबांनी गाडीची काच वर केली.

मंगळवारी दुपारी वैनीच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात न्यायला तिला रिक्षात घातलं आणि मी सरळ गेटवर गेलो. हात जोडले. वॉचमन म्हातारा माणूस. हेड ऑफिसला विचारतो म्हणाला. फोन कुणी उचलेना. मी शिव्या घातल्या, रिक्षा वळवली, लांबच्या रस्त्याने निघालो आणि कंटेनरच्या रांगेत अडकलो. मागून वैनी म्हणाली, "भावजी, त्याला शिव्या देऊ नका. त्याचे हातान काय न्हाय."

त्यानंतर ती बोलली नाही.

मग कुणाच्या हातात आहे? त्याचं तोंड मी पाहिलेलं नाही. त्याला आपण मत दिलं नाही, त्याला पाडताही येत नाही. आणि ज्यांना मतं दिली, त्यांची माणसं बाकड्यावर बसतात!

काल कंपनीचा हार आला. गाडी गेटातून सरळ आली, पाच मिनिटांत. तो हार मी परत पाठवला.

उद्या दहा वाजता वैनीची मुलगी आदेश घेऊन तहसीलला निघतेय. रिक्षात अजून दोन जागा आहेत.

आता उभे राहा. एक मिनिट कुणी बोलू नका. वैनी, नमस्कार.