शेंदराखालची अक्षरं

नाही म्हणजे नाही. किती वेळा सांगू, प्रीती? मी तो दगड पाहिलेला नाही, त्या गावात गेलेली नाही, आणि तू टाइप करून आणलेल्या या कागदावर मी सही करणार नाही. उचल तो. टेबलावरून उचल आधी. — आणि मोबाइल असा उताणा कशाला ठेवलायस? पालथा घाल. रेकॉर्ड करत असशील तर बंद कर. छत्तीस वर्षं वर्गात काढलीत मी, बाकाखाली कोण काय करतंय ते मला फळ्याकडे तोंड करून कळायचं. चहा विचारणार नाही, दूध नासलंय. आणि गॅलरीचं दार उघडू नकोस गं — उकडू दे! दुपारपासून कुठल्या तरी कंपनीने काहीतरी सोडलंय, केमिकलचा वास घरभर होतो. बस तिथेच. — हात? काय झालं माझ्या हाताला? लोणचं घातलंय. मसाला आहे तो. नखात जातो, दोन-दोन दिवस निघत नाही. तू सही मागायला आलीस का माझी नखं तपासायला?

जाईबाई सांगते! कोण जाईबाई? दिवा स्टेशनच्या पुढे खाडीकडे जा, घराघरात एक जाईबाई सापडेल. तर म्हणे तिच्या शेताच्या बांधावर देवी होती, चाळीस वर्षं ती तिला शेंदूर लावत होती, आणि माझ्या विनीतने जेसीबी घालून ती फोडली. का, तर तिथे त्याला बिल्डिंग उभी करायचीय म्हणून. आणि तू एवढी शिकलेली, पीएचडी करणारी मुलगी, एका म्हातारीच्या शब्दावर सोमवारी पुरातत्त्वाच्या ऑफिसात अर्ज देणार — काम थांबवा, खाली जुना बौद्ध विहार आहे, साक्षीला सुमतीबाई आहेत, त्यांनी दगड वाचलाय! अगं, मला न विचारता माझं नाव घातलंस? विनीतला कसला दगड न् कसलं काय, काही ठाऊक नाही. तो सिव्हिल इंजिनियर आहे. त्याला सळ्या कळतात, सिमेंट कळतं. इतिहासात त्याला पस्तीसच्या वर मार्क कधी पडले नाहीत. आईचा विषय, आणि पस्तीस!

आणि समजा — समजा हं — फुटला एखादा दगड. तर? तूच सांग ना मला. काय शिकवलं होतं मी तुम्हाला? सातवाहन होते. कल्याण केवढं बंदर होतं तेव्हा! इथला सोनार, इथला लोहार कान्हेरीला जाऊन भिक्खूंसाठी पाण्याच्या टाक्या खोदून द्यायचा, खाली आपलं नाव कोरून ठेवायचा — कल्याणचा अमुक, कल्याणचा तमुक. गेले ना सातवाहन? मग त्रैकूटक आले, मौर्य आले कोकणचे, राष्ट्रकूट आले. मग शिलाहार. साडेचारशे वर्षं, प्रीती! ठाण्याला राजधानी. अंबरनाथचं देऊळ त्यांचं. आणि शेवट काय झाला? शेवटचा राजा यादवांपुढे पळाला, हत्ती किनाऱ्यावर सोडून गलबतात चढला आणि समुद्रात बुडाला. यादव तरी टिकले का? पन्नास वर्षांत तेही आटोपले. राजे बुडतात, बंदरं गाळाने भरतात, विहारावर भात लावतात, भातावर बिल्डिंग होते. दिव्याला जा, आठ महिन्यांत सात मजले होतात, नळाला पाणी नसतं पण माणसं राहतात. त्यांना घरं नकोत? तुला वीस खोल्यांचा विहार पाहिजे, त्यांना वन-बीएचके पाहिजे. सांग, कुणाचं खरं?

हसू नकोस. हे मी वर्गात असं सांगायची नाही, माहितीय मला. वर्गात मी तुम्हाला घेऊन अंबरनाथला जायची, बाहेर चपला काढायला लावायची, आणि म्हणायची, कोरलेल्या अक्षराला पाय लावू नका. पाठ करून आलीस वाटतं माझीच वाक्यं माझ्या तोंडावर मारायला? विठ्ठलवाडीहून यायचीस, दोन वेण्या, हातात कायम ती फाटकी दप्तराची पिशवी. इतिहासात चौऱ्याण्णव दिले होते मी तुला, कुणाला देत नव्हते. स्टाफरूममध्ये बोलल्या होत्या बायका — सुमतीबाई, तुम्ही या लोकांना फार डोक्यावर... — जाऊ दे. मी नव्हते म्हटलं. मी गप्प बसले होते. पण आज वाटतं, बरोबर बोलत होत्या. एक दगड सापडला की तुम्ही लोक निघालात झेंडे घेऊन. इथे आमचा विहार, तिथे आमचा विहार! आमच्यातलेही तेच करतात म्हणा, दगडाला शेंदूर फासला की झालं देऊळ. पण तुला वेगळं शिकवलं होतं मी. — काय म्हणालीस? झेंडा नकोय, नुसता दगड हवाय? मग घे ना, जगात काय दगडांना तोटा आहे?

हे बघ. असला दगड म्हणजे काय ते मला नको सांगूस. गद्धेगाळ. वर सूर्य-चंद्र, मधे अक्षरं, खाली गाढव आणि बाई. दहावीच्या पोरांपुढे कसं सांगणार होते असलं? राजा जमीन दान द्यायचा आणि दगडावर लिहून ठेवायचा, चंद्रसूर्य आहेत तोवर हे दान चालेल, आणि जो मोडेल त्याच्या आईला गाढव. शिवीच ती, सरळ सरळ. खाली चित्र, म्हणजे न वाचता येणाऱ्यालाही कळावं. आणि आपल्या लोकांची अक्कल बघ — काळाने अक्षरं विसरले, चित्राला देवी केली. वर्षानुवर्षं शेंदूर चढवत राहिले शिवीवर! तेव्हा त्याचे तीन तुकडे झाले म्हणून आभाळ कोसळलं असं नाही.

— काय?

तू तीन म्हणालीस ना. नाही? फोडला एवढंच म्हणालीस? मग विनीत म्हणाला असेल. हो, मघाशी मी म्हटलं विनीतला ठाऊक नाही म्हणून. म्हटलं, तर? माणूस बोलताना इकडंतिकडं होतं. अशी बघू नकोस माझ्याकडे. मी शिक्षिका आहे तुझी, आरोपी नाही. नाकाने कांदे सोलायची गरज नाही.

गेले होते मी. ऐकायचंय ना तुला? गेले होते, एकदा. विनीतच घेऊन गेला. म्हणाला, आई, प्लॉटच्या कडेला एक शेंदऱ्या दगड आहे, शेत विकलं पण ती म्हातारी दगड हलवू देत नाही, गावातले चार जण तिच्या बाजूने उभे राहतात, तू बाई माणूस, मास्तरीण, तू तिला समजाव की ही देवी नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने मला माझ्या विषयातलं काही विचारलं गं. पहिल्यांदा! मी नवी साडी नेसले होते त्या चिखलात जायला. पर्समध्ये खडू घेतला. हसशील, पण मला खडूशिवाय कुठे जाता येत नाही. गेले तर बांधावर हा एवढा, कमरेइतका, नुसता शेंदराचा गोळा. जाईबाई दगडाला पाठ लावून बसलेली. मला म्हणाली, "बाय, तिला उघरी नको करू." एवढंच. दोनदा म्हणाली. आणि मी तिला बाजूला बसवली. कशी, माहितीय? जशी वर्गात बसवायची तशी. दंडाला धरून.

गरम पाणी, ब्रश, मग सुरी. बोटभर जाडीचे पापुद्रे निघत होते. आणि आत — प्रीती, आत अक्षरं अशी ताजी, की कालच कारागीर हत्यारं झटकून उठला असावा! तेलाने, शेंदराने झाकून ठेवली होती ना, ना पाऊस लागला, ना खारा वारा. मी खडू आडवा फिरवला आणि ओळीच्या ओळी वर आल्या. शके नऊशे आणि पुढे काहीतरी. शिलाहार. राजाचं नाव अर्धंच, पण बिरुदावली सगळी. शंकराचा भक्त राजा, आणि दान कुणाला? विहाराला! भिक्खूंच्या वस्त्रांसाठी, औषधासाठी, आणि मोडलेलं बांधून काढायला. आपण मुलांना शिकवतो, हे आले, ते गेले, याने त्याला संपवलं. आणि इथे एक शैव राजा हजार वर्षांपूर्वी विहाराच्या गळक्या छपराची काळजी करतोय! मी मोठ्याने वाचत होते. रडत होते मी, खोटं कशाला बोलू. मजूर कामं टाकून बघायला आले होते. आणि मला कुणीतरी विचारावं असं वाटत होतं, पुढे काय, बाई, पुढे काय? — विनीतने विचारलं. म्हणाला, म्हणजे आई, जमिनीखाली काही असेल का? मी म्हटलं, असेल काय, असणारच. विटांचा चौथरा असणार, तुझ्या पार्किंगच्या बरोबर खाली. एवढ्या फुशारकीने म्हटलं मी! पुरातत्त्ववाले येतील म्हटलं, सगळं मोजतील, पेपरात येईल. तो हो हो म्हणाला. फार शांतपणे हो हो म्हणाला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पोटचं पोर, मला कळायला नको?

जाईबाईने विचारलं, काय लिवलंय? तिलाही सांगितलं मी. सगळं सांगितलं. गाढवाचंसुद्धा. तिच्या नातवाच्या वेळी तिने त्या दगडाची ओटी भरली होती, प्रीती, आणि मी चारचौघांत तिला सांगितलं की बाई, ही देवी नाही, ही आईवरून शिवी आहे. तिने पदराने तोंड पुसलं आणि घरी गेली. मी समजले, समजावलं. पुढे तीन दिवस ती बांधावर आलीच नाही. कशाला येईल? मीच तिला उठवली होती तिथून. तिसऱ्या दिवशी मशीन मागे घेताना धक्का लागला म्हणे. विनीत म्हणाला, आई, चुकून झालं. जेवताना म्हणाला, मान खाली घालून, आमटी वाढ म्हणत. मी आमटी वाढली.

हजार वर्षं, गं. शिलाहार गेले, यादव गेले, सुलतान आले, पोर्तुगीज आले, तो दगड कुणी हलवला नाही, कारण कुणाला वाचता येत नव्हता. मी वाचला आणि तीन दिवसांत संपला.

आता तुला वाटत असेल, बाई विरघळल्या, कागद पुढे करावा. ठेव तो आत! मी हे सगळं इथे बोलले, ऑफिसात बोलणार नाही. विचारायला आले तर सांगेन, ही मुलगी खोटं बोलते, मी कधी त्या गावात गेले नाही. हो, म्हणेन! तुझ्या तोंडावर म्हणेन. चौऱ्याण्णव मार्क दिलेत तरी म्हणेन. तू काय गमावणार आहेस, तुझा एक शोधनिबंध? माझा एकच मुलगा आहे. आणि तू नीट अभ्यास केला असशील तर तुला कळेल, त्या दगडावरच्या शिवीत मुलाला काहीही होत नाही. वाचलंयस ना अशा दगडांवर? मोडतो तो, आणि भोगते ती. त्याच्या केसालाही धक्का नाही. ज्याने कुणी ते लिहिलं असेल त्याने आयांना चांगलं ओळखलं होतं. तर मग मी घेतलंय ते माझ्यावर, संपलं. तू कोण मधे पडणारी? मेला तुझा तो विहार आणि —

अगं! गॅलरीचं दार — सांगितलं होतं ना नको म्हणून! प्रीती!

… बघितलंस? झालं समाधान? खालचाच तुकडा आहे, गाढव-बाई आणि त्यांच्या वरच्या शेवटच्या दोन ओळी. वरचे दोन बिल्डिंगच्या पायात गेले, काँक्रीट ओतलं त्याच्यावर. हा बाजूला पडला होता, मी एकटी जाऊन रिक्षात घालून आणला. विनीतला सांगितलंय, कुंडीखाली ठेवायला दगड आणलाय म्हणून. तो कशाला बघतोय. — हात लावू नकोस. ओला आहे. सकाळीच चढवलाय शेंदूर, कालचा सुकला नव्हता तोवर दुसरा चढवला. हो, मीच! करून करून भागली आणि देवपूजेला लागली, म्हण, म्हणून घे एकदाचं. अक्षरं पुसायला नाही गं करत मी हे. झाकायला करते. उघडा बघवत नाही तो मला. आणि फोटो काढलास ना तर याद राख, हाताला धरून जिन्यावरून खाली घालीन. कागद घे, पिशवी घे आणि नीघ. परत या दारात दिसू नकोस. ओळख दाखवू नकोस रस्त्यात.

थांब. जाईबाईला भेटशील ना तू? तिला एक विचार. शेंदरात तेल कुठलं घालायची ती, तिळाचं की खोबरेल? मी खोबरेल घालतेय, तर भेगा पडतायत. गाढवाच्या पाठीवरून सगळा पापुद्रा निघून येतो आणि खालची अक्षरं दिसायला लागतात. विचारून मला फोन — नको. फोन करू नकोस. दार ओढून घे.